विद्यापीठाचा नकार कशावर उभा असतो

१४ एप्रिल २०२५ रोजी हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष ॲलन गार्बर यांनी जाहीर केलं, की विद्यापीठ आपली स्वायत्तता सोडणार नाही आणि घटनेने दिलेले हक्कही सोडणार नाही. काही तासांतच ट्रम्प सरकारने २.२ अब्ज डॉलरची अनुदानं आणि ६ कोटी डॉलरची कंत्राटं गोठवली. गार्बर यांचं वाक्य जगभर गाजलं. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण नुसत्या वाक्यावर विद्यापीठ चार दिवसही तग धरत नाही. पुढच्या पाच महिन्यांत हार्वर्ड कोर्टात जिंकलं ते १९६४ सालच्या एका कायद्यातल्या चार पायऱ्यांमुळे, वेळेत उभ्या केलेल्या पैशामुळे आणि प्रशासनाच्या आधी कोर्टाची पायरी चढलेल्या प्राध्यापकांमुळे. त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी मागणी काय होती ते पाहू. ३१ मार्चला सरकारने हार्वर्ड आणि त्याच्याशी संलग्न संस्थांच्या सुमारे ९ अब्ज डॉलरच्या अनुदानांची फेरतपासणी सुरू केली. कारण दिलं होतं कॅम्पसवरच्या ज्यूविरोधी वातावरणाचं. ११ एप्रिलला तीन सरकारी खात्यांच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचं पत्र आलं. त्यात ज्यू विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचे मुद्दे होतेच, पण बाकीचं वाचलं की हेतू लपत नाही. प्रवेश आणि नेमणुकांचा सगळा डेटा सरकारला द्यायचा आणि २०२८ पर्यंत त्याचं सरकारी ऑडिट होऊ द्यायचं. विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी आणि नेतृत्व यांच्यात 'वैचारिक विविधता' आहे की नाही हे सरकारला मान्य असलेल्या बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचं, आणि एखाद्या विभागात ती कमी आढळली तर तिथे त्या हिशेबाने नवी भरती करायची. परदेशी विद्यार्थी निवडताना अमेरिकी मूल्यांना विरोध असणारे गाळायचे. कोणत्या प्राध्यापकांचा अधिकार कमी करायचा, यावरही पत्रात मत होतं.

आता हे १९५७ च्या एका निकालाशेजारी ठेवून बघा. पॉल स्वीझी या मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाने न्यू हॅम्पशायर विद्यापीठात व्याख्यान दिलं होतं. त्यात काय सांगितलं, हे राज्याच्या ॲटर्नी जनरलने विचारलं आणि स्वीझीने उत्तर द्यायला नकार दिला. सुप्रीम कोर्टाने स्वीझीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी आपल्या स्वतंत्र मतात विद्यापीठाची चार स्वातंत्र्यं नोंदवली: कोणी शिकवायचं, काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि कोणाला प्रवेश द्यायचा. ही यादी त्यांनी घेतली होती केपटाउन आणि विटवॉटर्सरँड इथल्या विद्वानांच्या निवेदनातून. वर्णभेदी सरकार विद्यापीठांचे दरवाजे काळ्या विद्यार्थ्यांना बंद करत होतं, त्याविरुद्धचं ते निवेदन. ११ एप्रिलच्या पत्राने या चारही गोष्टींना हात घातला होता.

कोलंबिया विद्यापीठाने वेगळी वाट धरली होती, आणि तिचं काय झालं हे हार्वर्डच्या डोळ्यांसमोर होतं. ७ मार्चला कोलंबियाची ४० कोटी डॉलरची अनुदानं रद्द झाली. २१ मार्चला विद्यापीठाने बऱ्याच मागण्या मान्य केल्या. त्यात अटकेचा अधिकार असलेले ३६ विशेष सुरक्षा अधिकारी होते, मुखवट्यांवर निर्बंध होते, आणि मध्यपूर्व अभ्यास विभागावर देखरेख ठेवणारा नवा वरिष्ठ अधिकारीही होता. एवढं करून पैसे परत आले का? नाही. एप्रिलमध्ये उरलेली आरोग्य संशोधन अनुदानंही अडकली. शेवटी जुलैमध्ये २० कोटी डॉलर तीन वर्षांत भरायचे, शिवाय २ कोटी १० लाख डॉलर वेगळे, आणि वर एक स्वतंत्र निरीक्षक, असा करार झाल्यावर गाडी हलली. आधी मान्य केलेलं सगळं नव्या वाटाघाटीत सुरुवातीची पायरी धरलं गेलं. मला या सगळ्या प्रकरणात हा धडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: लेखी हमीशिवाय दिलेली सवलत तुमच्या खात्यात जमा होत नाही.

आता कायद्याकडे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेत वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव झाला तर तो पैसा थांबवता येतो. हा अधिकार १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या 'टायटल सिक्स'मधून येतो. ज्यू विद्यार्थ्यांच्या छळाची तक्रारही याखालीच येते. पण पैसा थांबवण्याआधी सरकारने काय करायचं, हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. आधी संस्थेला दोष कळवायचा आणि ती स्वेच्छेने सुधारते का ते पाहायचं. नाही सुधारली तर सुनावणी द्यायची आणि भेदभाव झाल्याचा स्पष्ट निष्कर्ष नोंदीवर आणायचा. मग संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या संबंधित समित्यांना कारणांसह लेखी अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ३० दिवस थांबायचं. आणि एवढं सगळं केल्यावरही, ज्या विशिष्ट कार्यक्रमात दोष सिद्ध झाला त्याच कार्यक्रमाचा पैसा थांबवायचा. विद्यार्थी वसतिगृहातल्या तक्रारीसाठी क्षयरोगाची प्रयोगशाळा बंद करता येत नाही. ही शेवटची अट उगाच आलेली नाही. हा कायदा झाला तेव्हाच संसदेला भीती होती, की केंद्र सरकार अनुदानाचा चाबूक करून पूर्ण संस्थेवर चालवेल.

सरकारने यातली एकही पायरी पाळली नाही. नकार दुपारी, गोठवणी संध्याकाळी. कोर्टात हे वेळापत्रकच हार्वर्डचा सगळ्यात मोठा पुरावा ठरलं. चौकशी नाही, सुनावणी नाही, कोणत्या संशोधनाचा ज्यूविरोधाशी काय संबंध याचा एक कागद नाही. पत्र नाकारलं म्हणून शिक्षा झाली एवढंच नोंदीवर राहिलं, आणि बोलण्याबद्दल शिक्षा करणं म्हणजे अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा भंग.

सरकारी वकिलांचा बचाव अगदीच लेचापेचा नव्हता. ते म्हणाले, की टायटल सिक्स बाजूला ठेवा, अनुदान 'खात्याच्या प्राधान्यांशी जुळत नाही' म्हणून रद्द करण्याची मुभा अनुदानाच्या नियमांतच आहे. आणि अनुदान म्हणजे शेवटी एक करार, तेव्हा कराराच्या पैशाचा दावा बॉस्टनच्या जिल्हा कोर्टात नव्हे, वॉशिंग्टनमधल्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये लावा. हा मुद्दा ऐकायला रुक्ष आहे, पण इथेच अनुदानांचे काही खटले घसरले. ते दुसरं कोर्ट फार तर पैसे देऊ शकतं. 'हा आदेश घटनाबाह्य आहे, पुन्हा असं करू नका' असं सांगण्याची सोय तिथे जवळजवळ नाही. शिवाय एप्रिल आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अनुदानांच्या दोन प्रकरणांत याच दिशेचे अंतरिम आदेश दिले होते.

बॉस्टनच्या जिल्हा कोर्टातल्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ३ सप्टेंबरच्या ८४ पानी निकालात दाव्यांचे दोन ढीग केले. अनुदान मनमानी पद्धतीने रद्द केलं, एवढाच जो दावा होता तो आपल्या अधिकाराबाहेरचा मानला. पण अभिव्यक्तीबद्दलचा सूड आणि टायटल सिक्सच्या पायऱ्या डावलणं हे प्रश्न कराराचे नाहीत, घटनेचे आणि कायद्याचे आहेत, म्हणून ते आपल्याकडेच ठेवले आणि हार्वर्डच्या बाजूने निकाली काढले. ज्यूविरोधाचं कारण सरकारने आडपडदा म्हणून वापरलं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याच निकालात त्यांनी हेही नोंदवलं, की हार्वर्डने द्वेषपूर्ण वर्तन फार काळ चालू दिलं, ते चुकलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे आपल्याकडच्या चर्चांमध्ये सहसा सुटून जातं. हार्वर्ड जिंकलं याचं एक कारण त्याच्या वकिलांनी खटला अनेक पायांवर उभा केला हे आहे. एक पाय कोर्टाने काढून घेतला तरी बाकीचे उभे राहिले.

पण कोर्टाचा निकाल यायला पाच महिने लागले. तोवर पगार कुठून द्यायचे?

इथे हमखास एक आक्षेप येतो: हार्वर्डकडे तेव्हा ५३.२ अब्ज डॉलरचा निधी होता, त्याला कसली चिंता? हा निधी म्हणजे १४ हजारांहून अधिक वेगवेगळ्या ठेवी आहेत, आणि बहुतेकांवर देणगीदाराच्या अटी आहेत. अमुक विषयाच्या अध्यासनासाठी दिलेला पैसा तमुक प्रयोगशाळेच्या उंदरांच्या खाद्यावर खर्च केला तर तो विश्वासभंग होतो आणि देणगीदार स्वतः कोर्टात जाऊ शकतो. साधारण चार पंचमांश रक्कम अशी बांधलेली आहे. मोकळ्या भागातलाही बराच पैसा खासगी गुंतवणुकीत अडकलेला, उद्या सकाळी विकता न येणारा. दुसऱ्या बाजूला केंद्राकडून संशोधनासाठी हार्वर्डला वर्षाला सुमारे ६८ कोटी ६० लाख डॉलर मिळत होते, एकूण उत्पन्नाच्या साधारण ११ टक्के. म्हणजे भोक मोठं होतं, पण जहाज बुडवेल एवढं नव्हतं, फक्त रोख हाताशी हवी होती. ती एप्रिलमध्येच ७५ कोटी डॉलरचे कर्जरोखे विकून उभी केली गेली. मे महिन्यात २५ कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून संशोधनासाठी बाजूला काढले. गार्बर यांनी पगारात २५ टक्के कपात घेतली, भरती थांबली, अनेक विभागांत नोकऱ्या गेल्या. आर्थिक वर्ष ११ कोटी ३० लाख डॉलरच्या तुटीत बंद झालं. नकाराची किंमत खरी होती आणि तिचा मोठा वाटा अशा लोकांनी भरला ज्यांची नावं कुठल्याच बातमीत आली नाहीत.

प्रयोगशाळेत पैसा थांबतो म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेक अनुदानात विद्यापीठ आधी खर्च करतं आणि मग सरकारी पेमेंट प्रणालीतून ती रक्कम उचलतं. गोठवणीचा पहिला अनुभव म्हणजे उचल नाकारली जाणं. पगार देऊन झालेले असतात, रसायनं वापरून झालेली असतात, भरपाई मात्र येत नाही. कंत्राट असेल तर थेट 'काम थांबवा' असा आदेश येतो. सारा फॉर्च्यून यांच्या क्षयरोग संशोधनाला असा आदेश १५ एप्रिललाच आला. देशभरातल्या अनेक संस्थांनी मिळून चालवलेलं ६ कोटी डॉलरचं काम होतं ते. जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात आहेत, तेव्हा ही हार्वर्डच्या आवारातली घरगुती भांडणं समजू नयेत. वीस-तीस वर्षं चाललेल्या आरोग्य अभ्यासांची अवस्था आणखी नाजूक. परिचारिकांच्या आरोग्याचा १९७६ पासून चालू असलेला अभ्यास घ्या. त्याचे जैविक नमुने द्रव नायट्रोजनवर चालणाऱ्या शीतपेट्यांत आहेत. नायट्रोजनचं बिल थकलं तर ते नमुने गेले, आणि पुढच्या वर्षी निकाल बाजूने लागून काही उपयोग नाही. म्हणून शहाणी विद्यापीठं गोठवणीच्या पहिल्या आठवड्यात एकच यादी करतात: काय थांबवलं तर पुन्हा सुरू करता येईल आणि काय थांबवलं तर कायमचं मरेल. मोकळा पैसा आधी दुसऱ्या रकान्याला. चालू उपचारचाचण्यांतले रुग्ण, प्रजननातले प्राणी, गोठवलेले नमुने, आणि व्हिसावर अवलंबून असलेले संशोधक. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर फार तर ६० दिवस मिळतात.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर मराठी घरांना थेट भिडणारी गोष्ट सांगायला हवी. २२ मे रोजी सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यताच काढून घेतली. हार्वर्डमध्ये सुमारे ६८०० परदेशी विद्यार्थी, एकूण संख्येच्या २७ टक्के. त्यात शेकडो भारतीय. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा खरा आधार पासपोर्टवरचा शिक्का नसतो. आधार असतो आय-२० हा विद्यापीठाने दिलेला कागद आणि सेविस या सरकारी संगणकप्रणालीतली तुमची नोंद. मान्यता गेली की विद्यापीठ नवा आय-२० देऊ शकत नाही, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना नोंद दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत हलवावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. इथेही सरकारने घाई केली. मान्यता काढण्याआधी नोटीस देऊन उत्तरासाठी ३० दिवस द्यायचे, असा त्यांचाच नियम आहे. हार्वर्ड दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेलं आणि त्याच दिवशी बरोज यांनी स्थगिती दिली. पुढच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारने ती ३० दिवसांची नोटीस काढली, म्हणजे पायरी चुकल्याची जवळजवळ कबुलीच. ४ जूनला अध्यक्षीय घोषणेने हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखायचा प्रयत्न झाला, तोही अडवला गेला.

ज्यांची मुलं तिकडे शिकताहेत त्यांनी यातून काही सवयी उचलाव्यात. आजवर मिळालेला प्रत्येक आय-२० जपून ठेवा, जुना झाला म्हणून फेकू नका. प्रत्येक वेळी देशात शिरल्यावर आय-९४ ही देशात प्रवेश केल्याची नोंद डाउनलोड करून तारीख तपासा. आय-२० वरची प्रवासाची सही साधारण एक वर्ष चालते. विद्यापीठावर कारवाई चालू असताना सही ताजी असली तरी सुट्टीत घरी येण्याआधी तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा. आत असलेल्या विद्यार्थ्याला कोर्टाची स्थगिती पटकन संरक्षण देते. विमानतळावर अडकलेल्याला तेच संरक्षण मिळवायला फार झगडावं लागतं. आणि व्हिसा रद्द होणं आणि सेविस नोंद बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये देशभरातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी बंद केल्या गेल्या, पुष्कळांच्या बाबतीत पोलिसांशी आलेल्या किरकोळ संबंधावरून. शंभराच्या आसपास खटले उभे राहिले आणि महिनाअखेर सरकारने नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. नोंद बंद झाल्याचं कळलं तर तो ईमेल, तारीख आणि हजेरीपट लगेच जमा करा.

प्राध्यापकांचं श्रेय मात्र बातम्यांत फार कमी आलं. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्सच्या हार्वर्ड शाखेने ११ एप्रिललाच दावा दाखल केला. विद्यापीठाने तो केला २१ एप्रिलला. हे दहा दिवस महत्त्वाचे आहेत. प्रशासन वाटाघाटीच्या टेबलावर असेल तर त्याला तडजोडीचा मोह होतो. प्राध्यापकांचा दावा स्वतंत्र असला तर प्रशासनाने उद्या समझोता केला तरी घटनेचा प्रश्न कोर्टात जिवंत राहतो. कॅलिफोर्नियात हे प्रत्यक्ष घडलं. यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा, हिच्याकडून सरकारने सुमारे १.२ अब्ज डॉलर मागितले. विद्यापीठ स्वतः कोर्टात गेलं नाही. गेल्या त्या प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश रीटा लिन यांनी सरकारला मनाई आदेश दिला. संघटना नसलेलं विद्यापीठ अशा वेळी फक्त अध्यक्षाच्या हिमतीवर टिकतं, आणि अध्यक्ष बदलता येतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अध्यक्षांना जून २०२५ मध्ये पायउतार व्हावं लागलं ते असंच.

हार्वर्डला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पत्र येण्याआधीच, मार्चमध्ये, त्यांनी मध्यपूर्व अभ्यास केंद्राच्या प्रमुखांना पदावरून दूर केलं होतं. नकारानंतर दोन आठवड्यांत विविधता आणि समावेशनाच्या कार्यालयाचं नाव बदललं. बाहेर ठाम आणि आत आधीच वाकलेलं, असं चित्र बऱ्याच प्राध्यापकांनी तेव्हाच बोलून दाखवलं, आणि ते मला पटतं. शैक्षणिक स्वातंत्र्य एखाद्या विभागाचं गेलं तर त्याची भरपाई दुसऱ्या विभागाच्या अनुदानाने होत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने डाव बदलला. शिक्षेऐवजी आमिष. नऊ विद्यापीठांना एक 'कॉम्पॅक्ट', म्हणजे करारनामा, पाठवला: सही करा आणि केंद्राच्या पैशात प्राधान्य घ्या. बदल्यात पाच वर्षं फी गोठवायची, पदवीच्या वर्गांत परदेशी विद्यार्थी १५ टक्क्यांपर्यंत आणि एकाच देशातले ५ टक्क्यांपर्यंत ठेवायचे, आणि इतर बऱ्याच अटी. एमआयटीने १० ऑक्टोबरला सगळ्यात आधी नकार दिला. अध्यक्ष सॅली कॉर्नब्लुथ यांचं म्हणणं सरळ होतं: विज्ञानाचा पैसा वैज्ञानिक गुणवत्तेवरच मिळायला हवा. त्यानंतर ब्राऊन, पेनसिल्व्हेनिया, सदर्न कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, डार्टमथ यांनीही पाठोपाठ नकार कळवले. पहिल्याने नाही म्हटलं की दुसऱ्याचा धोका कमी होतो. म्हणून असे प्रस्ताव एकेकट्याला दिले जातात आणि उत्तराची मुदत छोटी ठेवली जाते.

डिसेंबरमध्ये सरकारने बरोज यांच्या निकालाविरुद्ध अपील केलं. अपिलात टायटल सिक्सचा मुद्दा टिकेल असं मला वाटतं, कारण कायद्याची भाषा स्वच्छ आहे. कोणत्या कोर्टात जायचं या प्रश्नावर मात्र खात्री देता येत नाही, आणि तिथे सरकार जिंकलं तर लहान विद्यापीठांना आपला दावा कुठे मांडायचा हेच कळेनासं होईल.

आणि एक दबाव असा आहे, जो या सगळ्या लढाईच्या कक्षेतच येत नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेने विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावरचा कर वाढवला. २०१७ च्या कायद्याने तो श्रीमंत खासगी विद्यापीठांना सरसकट १.४ टक्के होता. आता विद्यार्थ्यामागे २० लाख डॉलरहून जास्त निधी असलेल्या मोठ्या संस्थांना ८ टक्के. हार्वर्डच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलर. तो मतदानाने, रीतसर पायऱ्यांनी मंजूर झाला आहे, आणि तो जातो नेमका त्या ठेवींच्या उत्पन्नातून, ज्यांच्या जोरावर एप्रिलमध्ये 'नाही' म्हणता आलं.